परमुलखाची तयारी

एखाद्या सत्रासाठी किंवा वर्षभरासाठी परदेशी विद्यापीठात शिकायला जायचे ठरले, की घरात दोन याद्या सुरू होतात. एक कागदपत्रांची, दुसरी सामानाची. पासपोर्ट, व्हिसा, गुणपत्रिका, विमा, बँकेचे दाखले एकीकडे. लोकरीचे कपडे, छोटा कुकर, मेतकूट, लोणचे, औषधे दुसरीकडे. दोन्ही याद्यांना पर्याय नाही. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला आरोग्य विमा तिथल्या नियमानेच सक्तीचा आहे. परक्या विद्यापीठात घेतलेले विषय आपले विद्यापीठ कोणत्या विषयांच्या जागी धरणार आणि त्यांचे किती श्रेयांक देणार, हे निघण्याआधी लेखी ठरवून घेतले नाही, तर परत आल्यावर तेच विषय पुन्हा द्यायची वेळ येते. पुढच्या प्रकरणांत हा सगळा तपशील आहे आणि तो काळजीपूर्वक वाचावा. पण याद्या पुऱ्या झाल्या म्हणजे तयारी झाली, ही समजूत मला धोक्याची वाटते. याद्या विद्यार्थ्याला विमानतळापर्यंत नेतात. तिथून पुढे त्याला दोन गोष्टी रोज कराव्या लागतात: माहीत नसलेले न लाजता विचारायचे, आणि कोणी विचारले तर आपल्या घराबद्दल, गावाबद्दल, भाषेबद्दल नीट सांगायचे. दोन्ही गोष्टी सरावाने येतात, सरावाला वेळ लागतो, आणि तो वेळ निघण्यापूर्वीच मिळतो. या प्रस्तावनेचे म्हणणे एवढेच आहे. ते कशाच्या आधारावर, हे आता मांडायचे आहे.

आधार शोधायला तंजावरसारखी दुसरी जागा नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजी राजांबरोबर मराठी माणसे इथे आली, १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी इथे होती, आणि गादी गेल्यावरही माणसे राहिली. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी अशी तीन भाषांची सवय इथल्या मराठी घरांना आहे. परमुलखात राहणे म्हणजे काय, हे या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आज शहराबाहेर तिरुमलैसमुद्रमच्या शास्त्र विद्यापीठातून विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत सत्र पुरे करायला जातात. पण या मुलखाने त्याआधी शंभर आणि दोनशे वर्षांपूर्वी शिकायला परक्यांत गेलेली दोन मुले पाहिली आहेत. एकाची तयारी तीन आठवड्यांच्या खरेदीसारखी झाली, दुसऱ्याची अनेक वर्षे चालली. दोघेही असामान्य होते, म्हणूनच फरक बुद्धीचा नव्हता हे स्पष्ट दिसते.

पहिला मुलगा कुंभकोणमचा, श्रीनिवास रामानुजन. तंजावर जिल्ह्यातल्या या गावात तो वाढला आणि १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून बोटीने केंब्रिजला निघाला. मद्रास विद्यापीठाने वर्षाला अडीचशे पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. ई. एच. नेव्हिल या केंब्रिजच्या गणितज्ञाने मद्रासला येऊन त्याचे मन वळवले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर निवड, निधी आणि मार्गदर्शक या तिन्ही गोष्टी त्याच्या पदरात होत्या. निघण्यापूर्वी तयारीही झाली. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक लिटलहेल्स यांनी त्याला बाजारात नेऊन विलायती कपडे घेऊन दिले. काट्या-चमच्याने जेवायला शिकवले गेले. शेंडी कापली गेली. आई आणि पत्नी यांना ते पाहावे लागू नये म्हणून त्यांना त्याआधीच कुंभकोणमला परत पाठवले होते. या तयारीतला प्रत्येक प्रकार दिसण्याशी संबंधित होता. परक्यांना तो खटकू नये, याची काळजी सगळ्यांनी घेतली. त्याला तिथे कसे निभेल, हे मात्र कोणाच्या यादीत आले नाही.

याचा पुरावा एका पांघरुणात आहे. त्या वर्षी केंब्रिजमध्ये शिकत असलेले प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी पुढे सांगितलेली ही हकिगत प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत ते रामानुजनच्या खोलीवर गेले आणि रात्री पुरेशी ऊब मिळते का, असे त्यांनी विचारले. अंगात ओव्हरकोट, वरून शाल, तरी थंडी वाजते, असे उत्तर आले. महालनोबीसांनी बिछाना पाहिला. ब्लँकेट गादीखाली चारी बाजूंनी घट्ट खोचलेले होते आणि रामानुजन त्याच्यावर झोपत होते. पांघरुणे उचलून आत शिरायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. लोक ही गोष्ट भाबड्या प्रतिभेची गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. कुंभकोणमच्या मुलाने खोचलेला बिछाना आयुष्यात पाहिलेला नव्हता, तेव्हा तो कसा वापरायचा हे माहीत नसणे अगदी साहजिक आहे. खरी अडचण अशी की त्यांनी कोणाला विचारले नाही. पहिले काही आठवडे नेव्हिल पती-पत्नीच्या घरी ते राहिले होते, पत्रातून ओळख झालेले गणितज्ञ हार्डी रोज भेटत होते, विचारायला माणसे होती. तरी प्रश्न बाहेर पडला तो समोरच्याने विचारल्यावर. ज्याने गणितातले अवघडातले अवघड प्रश्न अनोळखी इंग्रजाला पत्रातून धाडसाने पाठवले, त्याला झोपण्याबद्दल साधा प्रश्न विचारता आला नाही. पुढे महायुद्धाने भाज्या दुर्मिळ केल्या, आजारपण आले, एकटेपणा वाढला. त्या सगळ्याचा दोष तयारीवर टाकणे अन्यायाचे होईल; ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होईल हे मद्रासला कोणाला माहीत होते? पण लहान गोष्टी विचारायची सवय नसली की मोठ्या संकटातही माणूस गप्प राहतो, एवढे त्यातून नक्की घेता येते.

दुसरा मुलगा सरफोजी. तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या उंबरठ्यावर, भोसल्यांच्या एका शाखेतल्या या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याची जबाबदारी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन पाद्रीवर सोपवली. श्वार्ट्झ स्वतः परमुलखाच्या तयारीचा उत्तम नमुना होता. जर्मनीत हाले या गावी शिकत असतानाच तो तमिळ शिकला. १७५० मध्ये डॅनिश वसाहत असलेल्या तरंगंबाडीला उतरल्यावर काही महिन्यांतच त्याने तमिळमध्ये प्रवचन दिले. नंतर फारसी, हिंदुस्थानी आणि मराठीही शिकला, कारण दरबारात दुभाष्याच्या तोंडून बोलणे त्याला पसंत नव्हते. असा माणूस पालक म्हणून मिळाला, याचा परिणाम सरफोजींच्या शिक्षणात दिसतो. तुळजाराजांनंतर गादीवर आलेल्या अमरसिंगांच्या काळात मुलाला कोंडून ठेवले गेले, शिक्षणाची आबाळ झाली, तेव्हा १७९३ मध्ये त्याला तुळजाराजांच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्रीच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण चालले, आणि श्वार्ट्झ पत्रांमधून उपदेश करत राहिला. १७९८ मध्ये सरफोजी परत येऊन गादीवर बसले.

मद्रास काही परदेश नव्हते, हे खरे. पण तंजावरच्या राजवाड्यातल्या मुलासाठी ईस्ट इंडिया कंपनीचे ते शहर, तिथली भाषा, तिथले शिक्षक आणि तिथल्या जेवणाच्या वेळा या सगळ्याच परक्या होत्या. तिथून ते काय घेऊन आले, हे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही पाहता येते. युरोपीय भाषांतल्या ग्रंथांवर त्यांच्या सह्या आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते त्यांनी वाढवली. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग झाले आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या गेल्या. १८२६ मध्ये भेटायला आलेला बिशप हेबर, हा राजा लव्हॉझिए आणि लिनियस या युरोपीय शास्त्रज्ञांबद्दल सहज बोलतो, हे पाहून थक्क झाला होता. आणि तरी, ख्रिस्ती गुरूंच्या हाताखाली वाढूनही, त्यांनी आपला धर्म सोडला नाही. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. त्याच माणसाने १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. एकाच शहरातल्या या दोन दगडी गोष्टी मी शेजारीशेजारी ठेवतो. शिकवणाऱ्याचे ऋण मान्य करणे आणि आपण कोण हे लिहून ठेवणे, यांत त्यांना विरोध वाटला नाही.

पण सरफोजींच्या शिक्षणाची सर्वांत मोठी साक्ष पुस्तकांच्या कपाटात नाही, एका नाटकात आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नृत्यनाट्य त्यांच्या नावावर आहे. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, नायिकेचा हात पाहते आणि आपण हिंडलेल्या डोंगर-नद्यांची वर्णने गाते. सरफोजींनी या बाईच्या तोंडी अख्ख्या पृथ्वीचा भूगोल घातला: खंडे, देश, समुद्र. युरोपीय गुरूंकडून मिळालेली विद्या, साचा तमिळ मातीतला, आणि शब्द मराठी. परक्याकडून काहीही घेताना ते आपल्याकडच्या कोणत्या भांड्यात ओतायचे, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच असे काही करता येते. नुसता भूगोल पाठ असता तर त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिले असते. कुरवंजीचा खेळ, त्यातले राग, प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे कान देतो, हे सगळे त्यांना अंगवळणी होते, म्हणून नवी विद्या तंजावरच्या रंगमंचावर येऊ शकली. परदेशी जाणाऱ्या मुलाने स्वतःच्या घरचे आधी नीट शिकून जावे, असे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हे नाटक असते. अभिमान बाळगावा म्हणून मी हे सांगत नाही. तिथे मिळालेले ठेवायला जागा असावी म्हणून सांगतो.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. सरफोजी राजपुत्र होते, आणि त्यांचे शिक्षण निरपेक्ष नव्हते. कंपनीला आपल्या हातातला राजा हवा होता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला आणि मान उरला. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो झाकू नये. उलट, म्हणूनच हे उदाहरण आज जास्त कामाचे आहे. शिकवणारा समाज शिकणाऱ्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवतोच. विद्यापीठाला शुल्क हवे असते, सरकारला आपल्या देशाबद्दल सद्भावना हवी असते, एखाद्या यजमान कुटुंबाला आपल्या चर्चमध्ये पाहुणा दिसावा असे वाटते. यांत वाईट काहीच नसेल, पण ते ओळखता आले पाहिजे. काय घ्यायचे आणि कशाला हसतमुखाने नाही म्हणायचे, हे सरफोजींनी ज्या ताणाखाली ठरवले त्यापेक्षा आजच्या विद्यार्थ्यावरचा ताण फार हलका आहे. एकदा कारभार हातातून गेल्यावरही त्यांनी ग्रंथालय वाढवले, शाळा आणि औषधशाळा उभारल्या, हे पाहता शिक्षण त्यांचे स्वतःचे राहिले होते, असेच म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप असा की राजपुत्राला वर्षे मिळतात, सामान्य घरातल्या मुलाला निवडीचे पत्र आल्यापासून दोन-चार महिने. यासाठी अमेरिकेत वैद्यक शिकायला गेलेल्या आनंदीबाई जोशी यांच्याकडे पाहावे. पोस्टात नोकरी करणारे नवरे गोपाळराव यांच्याबरोबर कल्याण, कोल्हापूर, भुज, कलकत्ता अशी त्यांची भटकंती झाली. घरात पैसा नव्हता. तरी त्यांची तयारी मला आजवरच्या सगळ्या तयाऱ्यांत सर्वांत शहाणी वाटते. गोपाळरावांचे पत्र एका अमेरिकन मासिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कारपेंटर यांनी १८८० मध्ये वाचले, आणि पत्रव्यवहार सुरू झाला. जाण्यापूर्वी अडीच-तीन वर्षे दोघी एकमेकींना आपापल्या देशांतल्या चालीरीती, धर्म, बालविवाह, घरसंसार यांबद्दल विचारत आणि सांगत राहिल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्या अनोळखी देशात एका ओळखीच्या घरी गेल्या. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. निघण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण केले आणि लोक विचारत होते ते प्रश्न स्वतःच मांडून एकेकाला उत्तर दिले: अमेरिकेलाच का, एकटीच का, परत आल्यावर समाजाने टाकले तर काय. तीन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रबंध लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी विषय घेतला आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. विचारणे आणि सांगणे ही दोन्ही कामे त्या घरातूनच करत आल्या होत्या, ती तिथे चालू राहिली.

त्यांनाही थंडी आणि अन्न बाधले, क्षय झाला, आणि पदवीनंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. तेव्हा इतक्या तयारीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की तयारी आजाराला अडवत नाही, पण आजारी माणसाला एकटे पडू देत नाही. आणि ज्या काळात क्षयावर औषधच नव्हते, त्या काळचा मृत्यू तयारीच्या अपयशात मोजणे योग्य नाही. आजचा विद्यार्थी मात्र यातून एक साधी गोष्ट करू शकतो: खोली गरम कशी होते, दुकान किती लांब आहे, शाकाहारी जेवण खरोखर काय मिळते, दवाखान्यात पहिला फोन कुठे करायचा, हे आधी त्याच विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याला नेमकेपणाने विचारणे. अनेक विद्यापीठे येणाऱ्या विद्यार्थ्याला एखादा स्थानिक साथीदार नेमून देतात. त्याला उतरल्यावर पहिल्यांदा भेटण्यापेक्षा दोन महिने आधीपासून पत्रे लिहावीत.

तिसरा आक्षेप आजचा आहे: हातात फोन असताना हे सगळे कशाला? नकाशा आहे, भाषांतर आहे, आईशी रोज चेहरा पाहून बोलता येते. माझे मत नेमके उलट आहे. रामानुजनला न विचारताच राहता आले, कारण विचारणे अवघड होते. आजच्या विद्यार्थ्याला न विचारताच राहता येते, कारण शेजाऱ्याऐवजी तंजावरला किंवा पुण्याला विचारणे सोपे झाले आहे. धुलाई यंत्र कसे चालते हे तो घरी फोन करून विचारतो आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाशी त्याची ओळख होता होता राहते. सत्र चारपाच महिन्यांचे असते. त्यातले दोन महिने असे गेले तर उरलेल्यात परदेश दिसतो, भेटत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच घरात एक करार करावा, असे मी सुचवतो: पहिल्या महिन्यात फोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, आणि व्यवहाराचे प्रश्न आईबाबांना न विचारता तिथल्या माणसाला. आईबाबांना हे जड जाते, मुलांना त्याहून कमी.

सांगण्याच्या बाजूला एक खरी भीती आहे, तीही दुर्लक्षू नये. परदेशात भारतीय विद्यार्थ्याला देशाचा प्रतिनिधी करून टाकतात: साडी, दिवाळी, बॉलिवूड, जातिव्यवस्था, सगळ्यांची उत्तरे त्याच्याकडून हवी असतात. हे ओझे अन्यायाचे आहे. त्यावर उपाय मात्र गप्प बसणे हा नाही. उपाय आहे तो लहान आणि खरे सांगण्याचा. ‘भारतात असे असते’ यापेक्षा ‘आमच्या घरी असे असते, आणि शेजारच्या घरी वेगळे’ असे म्हणता यायला हवे. तंजावरच्या मराठी मुलाकडे यासाठी विलक्षण सामग्री आहे. आपण तमिळनाडूत राहून मराठी का बोलतो, आडनावाच्या जागी राव का लावतो, आपल्या स्वयंपाकात कुठले काय मिसळले, हे तो सांगू लागला की ऐकणाऱ्याच्या मनातला एकरंगी भारत आपोआप मोडतो. पण त्याला ते आधी स्वतःला माहीत हवे. निघण्यापूर्वीच्या सुट्टीत आजी-आजोबांकडून घराण्याच्या गोष्टी ऐकाव्यात, सरस्वती महालचे संग्रहालय पाहावे, मोठ्या देवळाच्या भिंतीवरची मराठी अक्षरे थांबून वाचावीत. पुण्या-नागपूरच्या मुलांनी हेच आपापल्या गावी करावे. ज्याला आपल्या गावाबद्दल दहा मिनिटे सलग बोलता येत नाही, त्याची भाषापरीक्षेतली गुणसंख्या कितीही चांगली असली तरी तयारी अपुरी आहे, असे मी बेधडक म्हणेन.

या विनिमयाची दुसरी बाजू आपण जवळजवळ विसरलो आहोत: आपला मुलगा जातो तसा तिकडचाही कोणी येतो, किंवा यायला हवा. रोटरीच्या युवा विनिमयात शाळकरी मुले वर्षभरात एकापाठोपाठ एक अनेक यजमान कुटुंबांत राहतात. अशा घरातला दहावी-बारावीचा मुलगा आपल्याच जेवणाच्या टेबलावर परक्याचे प्रश्न ऐकतो. ताट उचलून कुठे ठेवायचे, देवघरात चप्पल का नको, पाहुणा ‘नको’ म्हणाला तरी आई पुन्हा का वाढते, हे सगळे त्याला पहिल्यांदा शब्दांत सांगावे लागते. तंजावरला ही परंपरा नवी नाही. रामेश्वरच्या वाटेवर ओरत्तनाडला सरफोजींनी मुक्तांबाळ छत्रम उभारले, त्यात अनोळखी यात्रेकरूंच्या जेवणाची सोय होती आणि मुलांसाठी शाळाही. परक्याला जेवू घालणारी आणि मुलांना शिकवणारी जागा एकच असावी, ही व्यवस्था विचार करून केलेली दिसते. या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण म्हणून यजमान कुटुंबांसाठी आहे. ज्यांच्या घरातून यंदा कोणी परदेशी जाणार आहे, त्यांनी ते आधी वाचावे, आणि खोली रिकामी झाल्यावर ती एका सत्रासाठी कोणाला देता येईल का, याचा विचार करावा.